थोर छायाचित्रकार ऑगस्ट सँडर

स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. आजवर संत झाले, राण्या झाल्या, समाजसुधारक झाले. यंदा चिटणीसबाईंनी ते काम मजकडे सोपविले आणि मी एका जर्मन फोटोग्राफरचे नाव काढले, तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जर्मन तर सोडाच, इंग्रजीही मला धड वाचता येत नाही. पण माझ्या धाकट्या भाऊजींचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्यांच्यापाशी या गृहस्थांच्या फोटोंचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातील मजकूर त्यांनी मला मराठीत सांगितला. फोटो मात्र माझे मीच पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले. फोटो पाहावयास शाळा लागत नाही.

जर्मनीच्या पश्चिम अंगाला झीगरलँड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे लोखंडाच्या खाणी फार. त्या मुलखातील हेर्डोर्फ या गावी १७ नोव्हेंबर १८७६ रोजी ऑगस्ट सँडर यांचा जन्म झाला. वडील खाणीवर सुतार होते. घरची थोडी शेती होती आणि खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा मुलाची शाळा संपली तशी त्याची रवानगी खाणीवर झाली. त्या गावात मुलाने खाणीवर जायचे हे ठरलेलेच असे, त्यात कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

सोळा वर्षांच्या सुमारास एक गोष्ट घडली. खाणीचे फोटो काढण्यासाठी शहरातून एक फोटोग्राफर आला. त्याचे सामान वाहावयास आणि वाट दाखवावयास या पोराला बरोबर दिले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी. ती तिपाईवर ठेवायची आणि डोक्यावर काळे फडके घेऊन मागच्या धुरकट काचेवर पाहायचे. समोरचे दृश्य तेथे उलटे, पण सर्व रंगांसकट दिसते. फोटोग्राफरने पोराला एकदा त्या फडक्याखाली डोकावू दिले. रोजचाच डोंगर, रोजचीच खाण आणि वरून सरकणारे ढग, हे सारे त्या वीतभर काचेवर त्याने पाहिले. तेथून त्याला दुसरे काही सुचेना. एका मामा-काकांपैकी नातेवाइकाने पैसे दिले, त्यातून कॅमेरा आला. वडिलांनी घराला लागून काळोखी खोली उभी करून दिली. खाणीतल्या सुताराने मुलाच्या नादापायी एवढे करावे, याचे मला कौतुक वाटते. नाद म्हणून हिणवणारेच बाप अधिक असतात.

१८९७ ते १८९९ अशी दोन वर्षे ट्रिअर या गावी लष्करात काढावी लागली. तेथे रिकाम्या वेळात ते एका फोटोग्राफरच्या हाताखाली काम करीत. पुढे बर्लिन, लाइप्झिग, ड्रेस्डेन अशा शहरांतून हिंडून, निरनिराळ्या स्टुडिओंत राबून त्यांनी विद्या मिळविली. १९०१ साली ऑस्ट्रियातील लिंत्स या शहरात एका स्टुडिओत नोकरी लागली. पुढच्याच वर्षी एका भागीदाराबरोबर त्यांनी तो स्टुडिओ विकत घेतला आणि १९०४ मध्ये ते त्याचे एकटे मालक झाले. दरम्यान १९०२ साली ट्रिअरच्या अ‍ॅना झाइटेनमाखर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपण त्यांना अ‍ॅनाबाई म्हणू. सँडरांच्या चरित्रात त्यांचे नाव मोठ्या माणसाच्या पत्नीचे जेथे जेथे येते तेवढेच येते, परंतु या बाईवाचून हे चरित्र घडले नसते असे मला वाटते.

लिंत्समध्ये धंदा चांगला चालला. प्रदर्शनांतून पदके मिळाली. त्या काळी फोटो म्हणजे चित्रासारखा दिसला पाहिजे अशी आवड होती. कडा मऊ, धूसर करायच्या. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, चामखीळ, देवीचे वण ब्रशाने मिटवून टाकायचे. आपल्याकडेही लग्न जुळवण्यासाठी मुलीचा फोटो काढताना हेच चालते, मुलगी दोन छटा उजळ होऊन येते. सँडरही तेव्हा तसेच फोटो काढीत आणि गिऱ्हाईक खूष असे. १९०३ साली एरिक आणि १९०७ साली गुंथर असे दोन मुलगे झाले.

१९१० च्या सुमारास हे कुटुंब ऱ्हाइन नदीकाठच्या कोलोन शहरी आले आणि लिंडेंताल या भागात नवा स्टुडिओ थाटला. १९११ साली अ‍ॅनाबाईंना जुळे झाले, मुलगी झिग्रिड आणि मुलगा हेल्मुट. मुलगी वाचली. मुलगा लगेच गेला.

त्या वेळचा एक फोटो आहे. त्याविषयी मला जरा थांबून लिहावयाचे आहे. अ‍ॅनाबाई दोन्ही तान्ही घेऊन बसल्या आहेत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला दोन्ही निजलेली वाटली. मग भाऊजींनी फोटोचे नाव सांगितले. सुखात आणि दुःखात माझी पत्नी, अशा अर्थाचे ते नाव आहे. त्यातले एक बाळ जिवंत आहे, दुसरे नाही. पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

पहिला विचार आला तो असा, की काय हा माणूस! बायको अशा अवस्थेत, आणि हा कॅमेरा मांडतो! शिवाय तो काळ काही आजच्यासारखा पटकन बटन दाबण्याचा नव्हता. काच भरायची, तिपाई लावायची, फडक्याखाली जायचे, बाईला क्षणभर हलू नको म्हणून सांगायचे. हे सर्व त्या घरात त्या दिवसांत झाले. परंतु नंतर मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांची दोन मुले तान्हेपणीच गेली. त्यांचा फोटो नाही, अंगडे-टोपडे नाही, घरात कोणी त्यांची नावेही काढीत नसे. आपल्याकडे गेलेल्या लेकराचे काही ठेवायचे नाही अशीच रीत. सासूबाई मात्र शेवटपर्यंत विचारले की चार मुले सांगत, दोन नव्हे. अ‍ॅनाबाईंना कोणी विचारले तर दाखवावयास तो फोटो होता. चार मुले, आणि चौथाही त्यात आहे. त्यांच्या इच्छेवाचून तो फोटो निघाला असेल असे मला वाटत नाही. दोन्ही बाळांना इतके सांभाळून धरणारी बाई नवऱ्याचे नुसते ऐकून बसलेली नव्हे. भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकींना हे पटणार नाही, ते मी समजू शकते.

कोलोनमध्ये नव्या माणसाकडे गिऱ्हाईक कुठून येणार? तेव्हा सँडर यांनी उलटा मार्ग धरला. गिऱ्हाईक येत नाही तर आपण त्याच्याकडे जावे. वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागात, म्हणजे जवळजवळ आपल्या माहेरच्याच मुलखात, ते सायकलवरून खेड्यापाड्यांत हिंडू लागले. शेतकऱ्यांच्या घरी लग्नकार्य असे, मुलाची दीक्षा असे, म्हातारा-म्हातारी रविवारी प्रार्थनेचे कपडे घालून बसलेली असत. त्यांचे फोटो ते काढीत. या मंडळींना ब्रशाने उजळ केलेले चेहरे नको होते. म्हातारीचा फोटो म्हातारीसारखा आला पाहिजे, नाहीतर नातवंडे ओळखणार कशी? सँडर यांची जुनी सवय येथे सुटली. खेड्यातल्या लोकांनी त्यांना घडविले असे म्हटले तरी चालेल. पुढे जे मोठे काम झाले त्याच्या मुळाशी त्यांनी या शेतकऱ्यांचेच बारा फोटो ठेवले. सगळा समाज मातीतून वर येतो, अशी त्यांची समजूत होती.

त्यांच्या फोटोतील माणसे कशी असतात ते सांगते. बहुतेक सगळी सरळ समोर पाहतात. हसत नाहीत. अंगावर आपापले कपडे, हातात आपापले हत्यार किंवा काठी किंवा टोपी, मागे आपले घर, आपले शेत, आपली भिंत. खाली नाव बहुधा नाही, फक्त धंदा. माणसाने कसे उभे राहावे हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे, अशी त्यांची पद्धत होती. भाऊजी म्हणतात की काचेवर चित्र उमटण्यास तेव्हा काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ निश्चल राहावे लागे, म्हणून चेहरे गंभीर दिसतात. इतका वेळ कोणालाही खोटे हसता येत नाही. आणखी एक गंमत त्यांनी सांगितली. त्या काळच्या काचांना तांबडा रंग दिसत नसे, तो काळाच उमटे. त्यामुळे उन्हाने रापलेली कातडी, वांग, सुरकुत्या, सगळे अधिकच ठसठशीत उमटत असे. १९२५ नंतर हातात मावणारे लायका कॅमेरे बाजारात आले. सँडर यांनी मात्र आपली जुनी पेटी, तिपाई आणि काचा सोडल्या नाहीत.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो १९१४ सालचा आहे. तीन तरुण चिखलाच्या वाटेने नाचाच्या कार्यक्रमाला निघाले आहेत. काळे सूट, टोप्या, हातात छड्या. आपल्याकडे जत्रेला निघालेली नव्या धोतरातली पोरे असत तसा थाट. चालता चालता कोणी हाक मारली आणि मागे वळून पाहिले असे ते उभे आहेत. फोटोखाली तरुण शेतकरी असे लिहिलेले असते, पण पुढे लोकांनी शोध घेतला तेव्हा ते खाणीवर काम करणारे निघाले. फोटो निघाला त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तिघांतला एक युद्धात मेला.

सँडर यांनाही युद्धावर जावे लागले. स्टुडिओ बंद पडता तर तीन मुलांनी काय खाल्ले असते? अ‍ॅनाबाईंनी तो चालविला. कॅमेऱ्यामागे त्या स्वतः उभ्या राहिल्या. युद्धावर निघालेले शिपाई फोटो काढून घरी ठेवून जात, त्यांच्या बायका-मुलांचे फोटो आघाडीवर पाठवीत. ते सर्व काम या बाईने केले. काचा धुणे, छापणे, हिशेब, घर, तीन मुले. सँडर १९१८ साली परतले तेव्हा त्यांचा धंदा जागेवर होता. पुस्तकात याला तीन-चार ओळी आहेत. त्या चार वर्षांत अ‍ॅनाबाईंनी काढलेले फोटो किती आणि कसे, हे कोणीतरी स्वतंत्र पुस्तक करून दाखवावयास हवे होते.

युद्धानंतर कोलोनमध्ये ओळखपत्राच्या फोटोंची मोठी मागणी आली, त्यावर चार पैसे मिळाले. याच सुमारास सँडर यांची शहरातील काही तरुण चित्रकारांशी मैत्री जमली. त्यांत फ्रान्झ विल्हेल्म झायवर्ट आणि हाइनरिख हेर्ले हे प्रमुख. ही मंडळी गरिबांचा कैवार घेणारी, समाज कसा बांधलेला आहे याचा विचार करणारी होती. यंत्रांचे वगैरे फोटो ज्या गुळगुळीत कागदावर छापतात, त्यावर सँडर यांनी माणसांचे फोटो छापून त्यांना दाखविले. सर्व बारकावे त्यावर दिसू लागले, नखाखालची मातीसुद्धा. चित्रकार खूष झाले. मऊ, धूसर कागद सँडर यांनी कायमचा बाजूला ठेवला.

आणि मग त्यांनी आपल्या आयुष्याचा संकल्प सोडला. विसाव्या शतकातील माणसे, हे त्या कामाचे नाव. जर्मन समाजातील सर्व थरांतील, सर्व धंद्यांतील माणसांचे फोटो काढून ते सात गटांत लावावयाचे. शेतकरी, कारागीर, स्त्री, निरनिराळे पेशे व वर्ग, कलावंत, शहर, आणि शेवटी म्हातारे, आंधळे, आजारी, वेडे, मरण पावलेले अशी शेवटची माणसे. प्रत्येक गटात कित्येक संच, एकूण सुमारे पंचेचाळीस संच आणि पाचशेच्या वर फोटो. आपल्याकडे गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांची नावे सांगतात, तशी ही एका संपूर्ण देशाची बलुतेदारी म्हणा. फरक इतकाच की यात पाटलाला मोठी जागा आणि चांभाराला लहान, असे नाही. कारखानदार असो की खांद्यावर विटांचा ढीग घेतलेला बिगारी, कागद तेवढाच आणि उजेडही तोच.

त्या बिगाऱ्याचा फोटो १९२८ सालचा आहे. मागे सर्व काळोख, खांद्यांवर फळीवर रचलेल्या विटा, आणि तो असा पाहतो की जणू हे ओझे म्हणजे राजाचा मुकुट. त्याच वर्षीचा केक-बिस्किटे करणारा आचारी आहे, गोल, टकल्या, पांढरा अंगरखा, एका हातात मोठे पातेले आणि दुसऱ्या हातात पळा. आपल्या लग्नकार्यातला आचारी फोटोला असाच उभा राहील. मला तो पाहताच हसू आले, पण तो मात्र हसत नाही, कारण त्याचे काम चालू आहे.

स्त्रियांच्या फोटोंविषयी माझे मत थोडे निराळे आहे. सँडर यांनी स्त्रियांना एक संपूर्ण गट दिला, ही मोठीच गोष्ट. परंतु त्यात पुष्कळ जणी अमक्याची पत्नी, तमक्याची पत्नी म्हणूनच आहेत. एक चित्रकाराची पत्नी आहे, १९२६ सालची. आखूड कापलेले केस, पांढरी विजार, शर्टावर टाय, तोंडात सिगारेट आणि काडी ओढण्याच्या पवित्र्यात. अशी वाघीण उभी आहे, आणि नाव काय, तर चित्रकाराची पत्नी! शेतकरीण मात्र शेतकरीण म्हणूनच आहे, आणि १९३१ सालची कोलोन रेडिओतली कारकून मुलगी तिच्या स्वतःच्या नोकरीवरून ओळखली जाते. रेडिओवर त्या साली सँडर यांची स्वतःची भाषणेही झाली. फोटो ही सर्व जगाला कळणारी भाषा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो मला स्वानुभवाने पटतो.

१९२७ साली कोलोनमध्ये त्यांनी या कामातील शंभरेक फोटोंचे प्रदर्शन भरविले आणि १९२९ साली पहिले पुस्तक निघाले. काळाचा चेहरा, असा त्याच्या नावाचा अर्थ. साठ फोटो, आणि आल्फ्रेड ड्योब्लिन या नामांकित लेखकाची प्रस्तावना. पुस्तकाचा आरंभ शेतकऱ्याने होतो आणि शेवटचे पान एका बेकार माणसाचे आहे. हातात टोपी घेऊन तो रस्त्याच्या कडेला उभा आहे. त्या वेळी जर्मनीत बेकारी किती वाढली होती हे त्या एका पानावरून समजते. जाणकारांनी पुस्तकाची वाहवा केली. सँडर बावन्न वर्षांचे होते. आता मोठे काम पूर्ण करावयाचे तेवढे राहिले, असे त्यांना वाटले असणार.

१९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता आली. प्रस्तावना लिहिणारे ड्योब्लिन ज्यू होते. त्यांची पुस्तके जाळली गेली आणि ते देश सोडून गेले. सँडर यांच्या पुस्तकावर १९३६ साली घाला आला. शिल्लक प्रती जप्त झाल्या आणि छपाईचे ठसे मोडून टाकले. त्या फोटोंत राजकारण काय होते? शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. भाऊजींनी मला समजावले ते असे. हिटलरच्या लोकांना जर्मन माणूस एकाच साच्यातला, उंच, गोरा, देखणा दाखवावयाचा होता. येथे तर भटके, बेकार, ज्यू, आंधळी मुले, सर्कशीतले लोक, बुटके, म्हातारे, सगळे जर्मनीची माणसे म्हणून एका ओळीत उभे होते. राज्यकर्त्यांना खरे फोटोच अडचणीचे झाले.

पण पुस्तकाचे दुःख काहीच नव्हे. थोरला मुलगा एरिक हा शिकलेला, विचारी मुलगा. तो समाजवादी कामगार पक्षात होता आणि हिटलरविरुद्ध गुप्तपणे काम करीत होता. १९३४ साली त्याला पकडले आणि दहा वर्षांची शिक्षा दिली. झीगबुर्गच्या तुरुंगात त्याला फोटो काढण्याचे काम मिळाले, बापाची विद्या तेथे उपयोगी पडली. त्याने कैद्यांचे फोटो काढले, त्यांतील काही बाहेर आई-वडिलांकडे पोचले. सँडर यांनी ते आपल्या मोठ्या कामात राजकीय कैदी म्हणून घातले. १९३८ च्या सुमारास कोलोनचे ज्यू देश सोडण्यासाठी पासपोर्टचे फोटो काढावयास त्यांच्याकडे येत, त्यांचाही एक संच त्यांनी केला. आणि ज्यांनी हे सारे केले त्या हिटलरच्या गणवेशधारी लोकांचेही फोटो त्याच कॅमेऱ्याने, त्याच उजेडात काढले.

हे मला समजायला कठीण गेले. ज्यांनी आपल्या मुलाला डांबले त्यांना बसा म्हणायचे, मान थोडी वळवा म्हणायचे, आणि फोटो चांगला आणायचा! पोट भरावयाचे होते हे एक कारण झाले. पण त्याखेरीजही काही असले पाहिजे. शतकातील माणसे म्हटल्यावर वाईटांना वगळून चालणार नव्हते. आज पुस्तकात छळणारे आणि छळलेले काही पानांच्या अंतरावर आहेत, आणि दोघेही आपल्याकडे सारखेच सरळ पाहतात. कोण कोण आहे हे सँडर सांगत नाहीत. पाहणाऱ्यालाच ते ओळखावे लागते.

एरिकच्या पोटात दुखू लागले. तो दवापाणी मागत राहिला आणि कोणी लक्ष दिले नाही. आंत्रपुच्छाचा तो आजार, वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर माणूस वाचता. मार्च १९४४ मध्ये तो तुरुंगातच वारला. दहा वर्षे संपावयास सुमारे सहा महिने उरले होते. त्याच्या चेहऱ्याचा साचा काढला होता, त्याचा फोटो सँडर यांनी काढला. तेहतीस वर्षांपूर्वी एका मुलाचा काढला तसाच हा दुसऱ्या मुलाचा. या वेळी अ‍ॅनाबाईंच्या हातात काही नव्हते.

युद्धात कोलोनवर बाँबचा वर्षाव होऊ लागला, तेव्हा सँडर यांनी वेस्टरवाल्डमधील कुखहाउझेन या छोट्या खेड्यात बिऱ्हाड हलविले. काचेच्या निगेटिव्ह म्हणजे ओझे केवढे आणि धोका केवढा! तरी निवडक दहा हजारांच्या आसपास त्यांनी तेथे नेल्या. १९४४ साली शहरातील घर व स्टुडिओ बाँबने उद्ध्वस्त झाला. तळघरात ठेवलेल्या पंचवीस-तीस हजार निगेटिव्ह मात्र त्यातूनही वाचल्या. आणि युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्या तळघराला आग लागली आणि सर्व गेले. बाँबने न गेलेले शांततेच्या दिवसांत गेले. ते सत्तरीला टेकलेले होते.

त्या खेड्यातल्या घरातच ते राहिले. उरलेल्या काचा पुन्हा लावणे, छापणे, संच जुळवणे हे काम चालू ठेवले. बाँबहल्ल्यांपूर्वीच्या कोलोनच्या गल्ल्या, देवळे, पूल यांचे फोटो त्यांच्यापाशी होते. शहरच नष्ट झाल्यावर त्या फोटोंना मोल आले. १९५१ साली कोलोनच्या फोटो प्रदर्शनात त्यांचे काम पुन्हा लोकांपुढे आले आणि १९५३ साली कोलोन शहराने जुन्या शहराच्या चित्रांचा संच विकत घेतला. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचे एडवर्ड स्टायकेन हे कुखहाउझेनला येऊन त्यांना भेटले. स्टायकेन यांनी १९५५ साली जगभरातील माणसांच्या फोटोंचे फॅमिली ऑफ मॅन हे प्रदर्शन मांडले, त्यात सँडर यांचेही फोटो होते. ते प्रदर्शन देशोदेशी फिरले, १९५६ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनातही आले.

१९५७ साली अ‍ॅनाबाई वारल्या. पंचावन्न वर्षांचा संसार झाला. त्यानंतर सन्मान एकामागून एक आले. जन्मगावाने मानद नागरिक केले, १९६० साली सरकारने मानचिन्ह दिले, १९६१ साली जर्मन छायाचित्र संस्थेचे मोठे पारितोषिक मिळाले. यातला एखादा तरी तीन-चार वर्षे आधी आला असता तर, असे माझ्या मनात येऊन गेले. २० एप्रिल १९६४ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, कोलोन येथे सँडर यांचे निधन झाले. तेथील मेलाटन दफनभूमीत एरिकच्या शेजारी त्यांना पुरले आहे.

मोठे काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. धाकटा मुलगा गुंथर यांनी वडिलांच्या काचा सांभाळल्या आणि १९८० साली विसाव्या शतकातील माणसे हे पुस्तक काढले. पुढे १९९२ साली कोलोनमधील एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाने तो सर्व संग्रह घेतला, आणि त्यांच्या अभ्यासकांनी सँडर यांच्या टिपणांवरून २००२ साली सात खंड सिद्ध केले. सात गटांचे सात खंड, फोटो सहाशेवर. त्यातला तिसरा खंड संपूर्ण स्त्रियांचा आहे. भाऊजींपाशी आहे ते एकाच खंडाचे पुस्तक. हा तिसरा खंड वाचनालयासाठी मागवता येईल का, याची चौकशी करण्याचे त्यांनी कबूल केले आहे.